धातू न ओतलेला साचा

भोसरी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. सकाळी सातच्या शिफ्टला मोल्डिंग लाइनवरून डबाभर वाळू यायची आणि तिच्या चाचण्या सुरू व्हायच्या. पाणी किती, चिकणमाती किती जिवंत, भट्टीत जाळल्यावर वजन किती घटतं. या वाळूला ग्रीन सँड म्हणतात, पण ती हिरवी नसते, काळीकुळकुळीत असते. ग्रीन म्हणजे कच्ची, ओली, न भाजलेली. सिलिकाची वाळू, तिच्यात सहा ते दहा टक्के बेंटोनाइट, म्हणजे कच्छकडून येणारी चिकणमाती, तीन ते पाच टक्के दगडी कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी. एवढ्यावर साचा उभा राहतो आणि त्यात चौदाशे अंशांचा लोखंडाचा रस ओतला जातो. चाकणच्या कारखान्यांतून जी गाडी बाहेर पडते, तिच्या इंजिनाचा किंवा ब्रेकचा कुठला ना कुठला ओतीव भाग अशा काळ्या वाळूतून जन्मलेला असतो.

लाइनवरचे एक जुने मिस्त्री माझ्या आकड्यांची वाट पाहत नसत. मूठभर वाळू उचलायची, दाबायची, मूठ उघडून बोटांचे ठसे कसे उमटलेत ते पाहायचं आणि तो गोळा मधोमध मोडायचा. कड स्वच्छ आली तर वाळू बरोबर, भुगा पडला तर पाणी कमी, तळहाताला चिकटली तर पाणी जास्त. त्यांचा अंदाज आणि माझं यंत्र यांच्यात फरक पडला की मी यंत्र पुन्हा तपासत असे.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एका अशनीच्या रासायनिक तपासणीचा तक्ता वाचत होतो. मिस्त्री समोर डबा उघडून बसले होते. मी आकडे मोठ्याने वाचले, कशाचे ते मात्र सांगितलं नाही. चिकणमातीची खनिजं बरीच, कार्बन तीन-चार टक्के, खनिजांत बांधलेलं पाणी दहा टक्क्यांहून जास्त. ते म्हणाले, “क्ले फार झालाय साहेब, आणि सिलिका कुठेय? कुणाची सँड आहे ही?”

हे पुस्तक त्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्यांना तेव्हा मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. ते मनाला लागून राहिलं, कारण प्रश्न नेमका होता. ती सँड मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या कार्बनी पिंडांची होती. आपल्या शॉपमधल्या वाळूशी तिचं साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. या अशनींमध्ये सापोनाइट नावाचं जे चिकण खनिज सापडतं, ते त्याच कुळातलं. दोन्हींत पत्र्यासारखे पातळ थर असतात आणि त्या थरांच्या मध्ये पाणी बसतं. १८६४ साली फ्रान्समध्ये ऑर्गेई गावाजवळ पडलेले अशनी पाण्यात टाकले की विरघळून गाळ होतात. पावसात राहिलेला ग्रीन सँडचा साचा ज्याने पाहिलाय, त्याला यात नवल वाटणार नाही.

लघुग्रह म्हटलं की मराठी वाचकाचं मन थेट लोणारला जातं. ते साहजिकच आहे, आपल्या दारात एवढं मोठं आघाती विवर असताना कोण दुसरीकडे जाईल? पण लोणारची कथा आदळण्याची आहे, आणि आदळण्याने आपलं लघुग्रहांकडे पाहणं भीतीपुरतं आखडलं आहे. या पुस्तकातले मुख्य पिंड पृथ्वीच्या वाटेला येत नाहीत. ते दूर, थंडीत, आपापल्या कक्षेत फिरत राहतात. त्यांच्याकडे पाहायचं ते त्यांनी काय जपून ठेवलंय यासाठी.

पट्ट्याच्या बाहेरच्या भागातल्या या काळ्या मंडळींचा प्रतिनिधी म्हणून मी हायजिया हा लघुग्रह निवडला आहे. सूर्यापासून त्याचं सरासरी अंतर सुमारे ४७ कोटी किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या तिपटीहून थोडं जास्त. तिथे पोचणारं ऊन आपल्या उन्हाच्या दहाव्या हिश्शाएवढं. एक फेरी पुरी करायला त्याला साडेपाच वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. व्यास सुमारे ४३० किलोमीटर. चाकणहून सरळ रेषेत निघालात तर अकोल्याच्या थोडं पुढे जाल, तेवढा. पृष्ठभागावरचं गुरुत्व आपल्याकडच्या एक टक्क्याच्या आसपास. घनता पाण्याच्या दुप्पट. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्याच्याहून कितीतरी जड असतो आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, पाण्याच्या सातपटीहून जड. हा आकडा मला सगळ्यांत बोलका वाटतो. हायजियाच्या पोटात लोखंडाचा गोळा नाही, असं तो सांगतो. आत दगड आहे, चिकणमाती आहे, आणि बर्फही असावा.

१८४९ च्या १२ एप्रिलला नेपल्सच्या वेधशाळेत आनिबाले दे गास्पारिस यांना तो सापडला. तिथल्या बूर्बाँ राजघराण्याच्या सन्मानार्थ नावाला एक शेपूटही जोडलं होतं, पुढे ते गळून पडलं आणि ग्रीकांच्या आरोग्यदेवतेचं नाव तेवढं उरलं. ही वैद्यदेव अस्क्लेपिअसची मुलगी. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि जिथून देशाला पेनिसिलिन मिळालं, त्या पिंपरीला हे नाव परकं वाटायचं कारण नाही.

सापडण्याच्या क्रमात हायजिया दहावा, आकाराने मात्र चौथा. सेरेस, व्हेस्टा, पॅलस आणि मग हा. त्याच्याहून कितीतरी लहान असलेला जुनो १८०४ सालीच सापडला होता. मग हायजियाला पंचेचाळीस वर्षं उशीर का झाला? एक तर तो दूर, आणि दुसरं म्हणजे तो काळा. व्हेस्टा स्वतःवर पडलेल्या उजेडातला चाळीस टक्क्यांच्या आसपास परत पाठवतो, हायजिया जेमतेम सात. चाकण-तळेगाव रस्त्यावर ताजं डांबर पडलं की ते जेवढं काळं दिसतं, जवळपास तेवढाच हाही काळा. म्हणजे आकाशातल्या वस्तूंची आपली यादी सुरुवातीला आकाराने बनली नाही, ती चकाकीने बनली. पट्ट्यातल्या ज्ञात लघुग्रहांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कार्बनी गटातले आहेत आणि सूर्यापासून जसजसं लांब जावं तसतसं त्यांचं प्रमाण वाढत जातं. तरीही शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात लघुग्रह करडा किंवा तपकिरी रंगवलेला असतो. काळ्यावर काळं छापता येत नाही, हे चित्रकाराचं खरं. पण त्यामुळे मुलांच्या मनात बहुमत चुकीच्या रंगाचं बसतं.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. व्हेस्टा आणि हायजिया एकाच पट्ट्यात, तर एक असा आणि दुसरा तसा का?

फाउंड्रीत आम्ही एक शब्द वापरतो, डेड क्ले. साच्यात रस ओतला की त्याला लागून असलेल्या थरातला बेंटोनाइट इतका तापतो की त्याच्या स्फटिकात बांधलेलं पाणीही निघून जातं. मग त्यावर कितीही पाणी मारा, तो पुन्हा चिकट होत नाही. वीट भिजवून माती परत मिळत नाही, तसंच. साच्याच्या बाहेरच्या भागातली क्ले मात्र जिवंत राहते. ती कोमट होते, मरत नाही.

सूर्यमाला जन्मली तेव्हा लघुग्रहांना आतून तापवणारी एक भट्टी होती, ॲल्युमिनियम-२६. ॲल्युमिनियमचं हे किरणोत्सारी रूप सुमारे सात लाख वर्षांत निम्मं होतं. जे पिंड लवकर जमले, त्यांच्यात ते भरपूर होतं. ते वितळले, जड लोखंड तळाशी गेलं, हलका दगड वर आला. व्हेस्टा हा असा वितळून घडलेला पिंड. माझ्या भाषेत तो कास्टिंग. जे उशिरा जमले, तेही बर्फ पोटात घेऊन, त्यांच्या वाट्याला विझत आलेली भट्टी आली. बर्फ वितळण्यापुरती ऊब मिळाली. ते पाणी दगडाच्या बारीक कणांत मुरलं, दगडाशी त्याची क्रिया झाली आणि चिकणमाती तयार झाली. मग सगळं निवलं. ती क्ले साडेचारशे कोटींहून जास्त वर्षं जिवंत आहे. हायजियासारखा पिंड म्हणजे ज्यात धातू ओतलाच गेला नाही असा साचा.

यातली बरीचशी मंडळी मुळात पट्ट्यातली नसावीत, गुरूच्या पलीकडे जमून नंतर आत ढकलली गेली असावीत, असं आज अनेक शास्त्रज्ञ मानतात. त्या वादावर पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते मला सगळ्यांत अवघड गेलं.

न पाहता, न शिवता हे कळतं कसं? आम्ही वाळू जाळून वजन करत होतो, खगोलशास्त्रज्ञ उजेड वेगळा करतात. चिकणमातीत बांधलेलं पाणी ३ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश गिळतं. लघुग्रहावरून परत आलेल्या उजेडात नेमकी ती पट्टी मंद दिसली की तिथे ओल आहे असं समजायचं. हायजियाच्या उजेडात ती दिसते. याच बाहेरच्या पट्ट्यातला थेमिस हा दुसरा काळा पिंड तर २०१० साली आणखी पुढे गेला. त्याच्या पृष्ठभागावर पाण्याचा बर्फ आणि सेंद्रिय द्रव्यं असल्याचं दोन गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. थेमिसही दे गास्पारिस यांनीच १८५३ साली शोधलेला. आपल्या नावावरच्या त्या ठिपक्यावर बर्फ आहे, हे त्यांना कळायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं.

हायजियाचा चेहरा दिसला तो २०१९ साली. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपने टिपलेल्या प्रतिमांत तो जवळजवळ चेंडूसारखा गोल निघाला. हे अनपेक्षित होतं. हायजियाच्या मागेपुढे त्याच्यासारख्याच कक्षांत फिरणाऱ्या सुमारे सात हजार तुकड्यांचं एक कुटुंब आहे. एवढे तुकडे ज्या टकरीत उडाले, तिची खोल खूण अंगावर असणारच, व्हेस्टावर आहे तशी, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. खड्डा सापडलाच नाही. संगणकावर ती टक्कर पुन्हा घडवून पाहिली तेव्हा उलगडा झाला. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी पाऊणशे ते दीडशे किलोमीटरचा एक पिंड येऊन आदळला आणि मूळ हायजिया पूर्ण फुटला. बराचसा माल नंतर गुरुत्वाने पुन्हा एकत्र आला आणि सैल, वाहत्या ढिगाप्रमाणे गोल बसला. शेकआउटला, म्हणजे कास्टिंग बाहेर काढताना, साचा फुटतो, वाळू बेल्टवरून परत मुलरमध्ये, म्हणजे वाळू मळायच्या यंत्रात जाते आणि संध्याकाळच्या शिफ्टला तिचाच नवा साचा उभा असतो. आमच्याकडे त्याला रिटर्न सँड म्हणतात. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

हायजियावर अजून एकही यान गेलेलं नाही. पण त्याच्या जातीचा माल माणसाच्या हाती आला आहे. जपानच्या हायाबुसा-२ ने २०२० च्या डिसेंबरात र्‍युगू लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम नमुना आणला, अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्सने २०२३ च्या २४ सप्टेंबरला बेनूवरून १२१.६ ग्रॅम. हे दोन्ही लहानगे, पृथ्वीच्या आसपास भटकणारे, पट्ट्यातल्या मोठ्या कार्बनी पिंडांचे फुटके तुकडे. बेनूला यानाचा हात लागला तेव्हा तो अर्ध्या मीटरपर्यंत आत रुतत गेला, इतका तो ढीग भुसभुशीत होता. मुठीत धरून मोडला असता तर भुगाच पडला असता. त्या नमुन्यात वजनाने साडेचार टक्क्यांच्या आसपास कार्बन निघाला, चिकण खनिजं निघाली आणि खारं पाणी आटून मागे राहिलेले क्षार निघाले. शिवाय सजीवांची प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी १४ आणि डीएनए-आरएनएमधली पाचही नत्रयुक्त अक्षरं त्यात सापडली. सजीव नव्हे, सजीवांचा कच्चा माल. हा फरक पुस्तकभर मी जपला आहे आणि वाचकानेही जपावा ही विनंती.

आपल्याकडे या फरकावर सर्वांत धाडसाने बोलणारे शास्त्रज्ञ म्हणजे जयंत नारळीकर. २००१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादहून बलून ४१ किलोमीटर उंचीपर्यंत पाठवून तिथली हवा गोळा केली, वरून सूक्ष्मजीव येतात का ते पाहण्यासाठी. निष्कर्षांवर मतभेद झाले. पण प्रश्न प्रयोगाने विचारायचा, ही त्यांची रीत मराठी वाचकाने त्यांच्या विज्ञानकथांइतकीच लक्षात ठेवायला हवी. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. हे पुस्तक त्यांच्या हाती द्यायचं माझ्या मनात होतं.

महाराष्ट्रात अशा काळ्या अशनीचं उदाहरण द्यावं म्हणून मी बरंच शोधलं. २०१२ च्या २२ मे रोजी नागपूरजवळ काटोल परिसरात दगड पडले, ते साध्या जातीचे, तापून कडक झालेले. कार्बनी जातीचा अलीकडचा भारतीय अशनी जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याला पडला, २०१७ च्या ६ जूनला. वजन दोन किलोंच्या आसपास, आणि शेतात आपटताच त्याचे तुकडे झाले. ही जात कमी सापडते त्याचं कारणही चिकणमातीच. हवेतून येताना फुटते, जमिनीवर पडली तर पहिल्या पावसात विरते. लोखंडी अशनी शतकानुशतकं टिकतो, हा मात्र एका पावसाळ्याचा सोबती.

पुण्याचं या विषयाशी नातं विचाराल तर ते जुनं आहे आणि अर्धवट तुटलेलं आहे. आताच्या सीओईपीच्या, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात १८८८ साली कावसजी नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ साली वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. लघुग्रह शोधण्याचं काम भारतात त्याच्याही आधी मद्रासला झालं होतं. नॉर्मन पॉग्सन यांनी १८६१ मध्ये तिथून एशिया हा लघुग्रह शोधला आणि १८६६ च्या १६ मे रोजी सिल्व्हिया. सिल्व्हिया हा बाहेरच्या पट्ट्याच्याही पार काठावरचा, काळाच, आणि त्याला दोन उपग्रह आहेत हे कळायला २००५ साल उजाडलं. पुण्यात ही आवड पुढे जपली ती हौशी माणसांनी. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे, नोकरी-धंदा सांभाळून आलेल्या लोकांच्या बळावर.

आणि एक दुर्बीण तर आमच्या रोजच्या रस्त्यावरच आहे. भोसरीहून नाशिक रस्त्याला लागा. मोशी, चाकण, खेडचा घाट, मंचर, मग डावीकडे घोडेगावकडे वळा. तिथल्या डोंगरावर गिरवलीला आयुका या खगोलशास्त्र संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून उभी आहे. ज्या रस्त्याने आमच्या फाउंड्रीचे ट्रक चाकणला माल पोचवतात, तोच रस्ता पुढे तिच्यापाशी जातो. फरक उजेडाचा. चाकणला तिन्ही शिफ्ट चालतात, रात्रीचं आकाश नारिंगी असतं आणि मृग नक्षत्राचे ठळक तारे सोडले तर फारसं काही दिसत नाही. मंचर ओलांडलं की आकाश काळं पडत जातं. आपल्या कामगारवस्तीतली मुलं चिंचवडच्या सायन्स पार्कमध्ये सहलीला जातात, ते चांगलंच आहे, पण खरं आकाश त्यांच्यापासून बसच्या दीड-दोन तासांवर आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. मला या गोष्टीचं दुःख होतं. दुर्बिणी बनवण्याइतकं कसबी काम ज्या गावात होतं, त्या गावातल्या मुलाला हायजिया दाखवायला जागा नाही.

भाषेबद्दल थोडं. मोठे, जड शब्द मी टाळले आहेत. जिथे शॉपमध्ये क्ले म्हणतात तिथे क्ले लिहिलं आहे आणि जिथे घरात चिकणमाती म्हणतात तिथे चिकणमाती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिताना रात्री अंगणात बसलेला वाचक डोळ्यांसमोर ठेवला होता. माझ्यासमोर जेवणाच्या सुट्टीतला वाचक आहे.

हायजिया साध्या डोळ्यांना दिसत नाही. सुमारे पंधरा महिन्यांनी एकदा तो सूर्याच्या बरोबर समोर येतो तेव्हा चार इंची दुर्बिणीत, काळ्या आकाशात, एखाद्या मंद ताऱ्यासारखा दिसतो. तारा नाही हे एका रात्रीत कळत नाही. आजूबाजूचे सगळे ठिपके कागदावर मांडायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पुन्हा मांडायचे. अडीच रात्रींत तो साधारण पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा सरकतो.

निवृत्तीनंतरच्या एका हिवाळ्यात मिस्त्रींना घेऊन मी मंचरच्या पुढे एका ओळखीच्या शेतावर तीन रात्री राहिलो. ठिपके मांडायला माझ्याकडे लॅबचाच जुना आलेखाचा कागद होता, ज्याच्यावर आम्ही रोज वाळूतलं पाणी नोंदवायचो. पहिल्या रात्री त्यांनी दुर्बिणीला डोळा लावून नऊ ठिपके मांडले, पेन्सिलीला टोक करून करून. दुसरी रात्र ढगात गेली. तिसऱ्या रात्री ते बराच वेळ डोळा न काढता उभे होते. मग बॅटरीच्या लाल उजेडात त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला, आठ ठिपके जुन्या जागी बसतात का ते एकेक करून ताडून पाहिलं आणि नववा दोन चौकटी पश्चिमेला मांडला.